अनोळखी नावाचा मोठा टीव्ही घ्यावा काय?

गेल्या काही महिन्यांपासून आमच्या व्यापारी वाचकांकडून एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारला जात आहे. पंचावन्न इंची टीव्ही वीस-बावीस हजारांत मिळतो आहे; नाव पूर्वी कधी ऐकलेले नाही; नामांकित कंपनीचा तेवढाच टीव्ही पस्तीस-चाळीस हजारांच्या घरात जातो; तेव्हा घ्यावा काय? विचारणाऱ्यांत चहाच्या हॉटेलचे मालक आहेत, सलूनवाले आहेत, साड्यांचे आणि बुरख्याचे दुकानदार आहेत, शिवणकामाचे नमुने पडद्यावर दाखवू इच्छिणारे टेलर आहेत. घरासाठी विचारणारे थोडे, दुकानासाठी विचारणारे जास्त. म्हणजे प्रश्न करमणुकीचा नाही, भांडवलाचा आहे.

आमचे मत आधीच सांगून टाकतो. स्वस्त घ्यायचा असेल तर लहान घ्यावा. मोठाच हवा असेल तर स्वस्ताच्या मागे लागू नये. अनोळखी नावाचा बत्तीस इंची टीव्ही घेण्यात फारसे वावगे नाही. अनोळखी नावाचा पंचावन्न किंवा पासष्ट इंची टीव्ही, तोही दुकानात बारा तास चालवण्यासाठी, हा मात्र बहुतेकांच्या बाबतीत तोट्याचा सौदा आहे. असे का, ते समजून घेण्यासाठी टीव्हीचे खोके थोडे उघडून पाहावे लागेल.

नाव अनोळखी आहे म्हणून माल वाईट, असे आम्ही मानत नाही. आपल्या देशात १९८२ च्या आशियाई खेळांच्या वेळी रंगीत टीव्ही आला आणि त्यानंतर गावोगावी सुटे भाग आणून जोडलेले, अर्थात असेंबल्ड टीव्ही विकले जाऊ लागले. पुष्कळ घरांत तेच आले आणि दहा-दहा वर्षे चालले. १९९० च्या दशकाच्या मध्यात अकाईने जुना टीव्ही द्या नि नवा घ्या अशी योजना आणली, भावांची मोठी लढाई झाली, आणि त्या लढाईचा फायदा सामान्य गिऱ्हाइकाला झाला. उलट मोठ्या नावाचीही शाश्वती नसते. पैठण तालुक्यातील चितेगावच्या कारखान्यामुळे मराठवाड्यात घरोघरी ओळखीची झालेली व्हिडिओकॉन २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. ज्यांच्या घरात तिचे टीव्ही होते त्यांचे मात्र फारसे अडले नाही, कारण गल्लीतला मेकॅनिक ते टीव्ही उघडत होता.

कळीचा मुद्दा हाच आहे. जुन्या डब्बा टीव्हीत ईएचटी जळाला तर तो बदलत असे, व्हर्टिकल आयसी गेला तर तोही बदलत असे, आणि पिक्चर ट्यूब मंद पडली तर ती री-गन करून आणखी काही वर्षे चालवणारे कारागीरही होते. टीव्हीचा एकही भाग असा नव्हता की तो गेला म्हणजे सगळाच टीव्ही गेला. आजच्या टीव्हीत तसा एक भाग आहे. तो म्हणजे पुढची काच, बाजारात जिला पॅनेल म्हणतात. टीव्हीच्या एकूण खर्चापैकी निम्म्याहून अधिक खर्च एकट्या या काचेचा असतो. तिला तडा गेला, आत रेघा उठल्या किंवा कडेच्या पट्टीवरचे बारीक जोड सुटले, तर दुरुस्ती बहुधा परवडत नाही. नवी काच घ्यावी तर ती नव्या टीव्हीच्या किमतीच्या जवळ जाते, आणि अनोळखी मालाच्या बाबतीत ती मिळतच नाही. याचे कारण असे की हे टीव्ही जोडणारे लोक त्या आठवड्यात ज्या लॉटची काच स्वस्त मिळेल ती उचलतात. एकाच नावाच्या, एकाच मॉडेल नंबरच्या दोन टीव्हींत दोन वेगळ्या कारखान्यांच्या काचा असू शकतात.

काच चिनी आहे, ही तक्रार येथे निरर्थक आहे. आपल्याकडे टीव्हीची काच अजून मोठ्या प्रमाणावर तयार होत नाही. ती बाहेरून येते आणि येथे जोडली जाते. कोरियाच्या सॅमसंगनेही २०२२ मध्ये एलसीडी काच बनवणे थांबवले. तेव्हा नामांकित टीव्हीतही काच बहुधा चीनचीच निघते. फरक पडतो तो प्रतीचा. कारखान्यातून निघालेल्या काचा तपासून त्यांची प्रतवारी होते. पहिल्या प्रतीचा माल मोठ्या कंपन्या करार करून उचलतात, आणि डाग, रेघा, मेलेले ठिपके असलेला खालच्या प्रतीचा माल स्वस्तात इतरांकडे जातो. कापडाच्या व्यापाऱ्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. फ्रेश आणि सेकंड हे दोन शब्द भिवंडी-मालेगावला लहान मूलही जाणते. तेथे सेकंडचा माल सेकंड म्हणून विकला जातो, टीव्हीच्या खोक्यावर मात्र तसे कोणी छापत नाही, एवढाच फरक.

काचेच्या मागे दिव्यांच्या पट्ट्या असतात. स्वस्त टीव्हीत काटकसर सर्वप्रथम येथे होते. जेथे जास्त पट्ट्या हव्यात तेथे कमी बसवतात आणि उजेड भरून काढण्यासाठी त्यांना जास्त करंट देतात. त्यामुळे दिवे तापतात, त्यांवरची प्लास्टिकची भिंगे गळून पडतात आणि पडद्यावर पांढरे डाग दिसू लागतात. पुढे एखादा दिवा उडाला की आवाज येतो पण चित्र दिसत नाही. हा बिघाड दुरुस्त होतो आणि पट्ट्या काही फार महाग नसतात. परंतु त्या बदलण्यासाठी काच उचलून बाजूला ठेवावी लागते. बत्तीस इंचाची काच एक जण उचलतो. पंचावन्न इंचाची काच चार फूट रुंद आणि सव्वादोन फूट उंच असते, कागदासारखी लवते, आणि ती उचलायला दोन सवयीचे हात आणि मोठे सपाट टेबल लागते. लहान गावातले मेकॅनिक हे काम घेत नाहीत, आणि घेतले तरी काच फुटल्यास जबाबदार नाही, असे आधीच सांगतात. त्यांचे बरोबरच आहे. तीनशे-चारशे रुपयांच्या मजुरीसाठी वीस हजारांची जोखीम कोण घेईल?

आता या हिशेबाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण ती क्वचितच सांगितली जाते. काच सोडून बाकीच्या भागांत अनोळखी टीव्ही नामांकितापेक्षा दुरुस्तीला सोपा असतो. त्याचा मेन बोर्ड बहुधा बाजारात मिळणाऱ्या युनिव्हर्सल बोर्डाच्याच जातीचा असतो. तो जळाला तर मेकॅनिक त्याच दिवशी दुसरा बसवून देतो, आणि फार तर रिमोट बदलतो. नामांकित कंपनीचा बोर्ड मात्र कंपनीकडूनच मागवावा लागतो आणि काही वर्षांनी तो बंद होतो. म्हणून अनोळखी बत्तीस इंची टीव्हीबद्दल आम्ही मवाळ आहोत. त्याची काच लहान, उचलायला सोपी आणि पट्ट्या सर्वत्र मिळणाऱ्या. शिवाय काच गेलीच तरी बुडणारी रक्कम सोसण्याजोगी असते. पंचावन्न इंची काच क्षेत्रफळाने बत्तीस इंचीच्या जवळजवळ तिप्पट भरते. जोखीमही त्याच मापाने वाढते, असे समजावे.

दुकानासाठी टीव्ही घेणाऱ्याने तासांचा हिशेब जरूर करावा. घरातला टीव्ही दिवसाला चार तास धरला तर वर्षाचे सुमारे १,४६० तास होतात. हॉटेलात किंवा सलूनमध्ये तोच बारा तास, महिन्याचे २६ दिवस चालतो; वर्षाचे ३,७०० तासांहून अधिक होतात. म्हणजे दुकानाचे एक वर्ष हे घराच्या अडीच वर्षांएवढे असते. दिव्याच्या पट्ट्या वर्षे मोजत नाहीत, तास मोजतात. समजा, २२,००० रुपयांचा अनोळखी ५५ इंची टीव्ही दुकानात दोन वर्षे चालला, तर तो महिन्याला ९०० रुपयांहून जास्त भावाने पडला. नामांकित कंपनीचा ४३ इंची टीव्ही समजा २६,००० ला घेतला आणि तो पाच वर्षे चालला, तर महिन्याला ४३३ रुपये पडले. शिवाय विजेचा फरक आहे. मोठा टीव्ही १२० वॅटचा आणि लहान ७५ वॅटचा धरला तर दुकानाच्या तासांप्रमाणे वर्षाला जवळजवळ १७० युनिटचा फरक येतो, आणि दुकानाच्या मीटरचा दर घरापेक्षा चढा असतो.

यावर कोणी म्हणेल की दोनच वर्षे कशावरून, पाचही चालेल. चालेलही. पण ज्याचे सर्व्हिस सेंटर कोठे आहे हे ठाऊक नाही, ज्याच्या काचेची प्रत ठाऊक नाही, अशा मालाचे आयुष्य धरताना व्यापाऱ्याने कमीच धरावे. उधारीच्या वहीत संशयित रक्कम आपण येणे म्हणून मोजत नाही, तसेच हे.

वॉरंटीचे कलम तर बहुतेकांनी वाचलेलेच नसते. घरगुती म्हणून विकल्या जाणाऱ्या टीव्हीच्या वॉरंटी पुस्तिकेत, मग तो नामांकित असो की अनोळखी, व्यापारी ठिकाणी वापरल्यास वॉरंटी लागू नाही, अशी ओळ बारीक अक्षरात बहुधा असते. हॉटेलात लावलेला टीव्ही चार महिन्यांत बंद पडला आणि मेकॅनिक पाहणीला दुकानात आला की तो ती ओळ दाखवतो. म्हणून खरेदीच्या वेळीच दुकानदाराला स्पष्ट सांगावे की हा टीव्ही दुकानात लागणार आहे, आणि चालेल असे तो म्हणाला तर बिलावर तसे लिहून घ्यावे. येथे कायदा आपल्या लहान व्यावसायिकांच्या बाजूने थोडा झुकलेला आहे, ही माहिती उपयोगी पडेल. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी हेतूने घेतलेल्या वस्तूबद्दल ग्राहक म्हणून तक्रार करता येत नाही. परंतु स्वयंरोजगारातून केवळ स्वतःचे पोट भरण्यासाठी घेतलेली आणि स्वतः वापरलेली वस्तू व्यापारी हेतूची मानली जात नाही. एकट्याने खुर्ची चालवणारा सलूनवाला किंवा हातगाडीवरून वाढून छोटे हॉटेल टाकलेला माणूस या सवलतीत बसू शकतो. तक्रार आपण राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या मालासाठी शुल्क नाही. आयोगाकडे जाण्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक लावून पाहावा. हे सारे ज्याच्याकडे पक्के बिल आहे त्याच्यासाठी. कच्च्या चिठ्ठीवर दोन हजार वाचवणारा माणूस ते दोन हजार वाचवताना हा सगळा हक्क विकून टाकतो.

खोक्यावरच्या शब्दांकडे वळू. फोर-के सपोर्ट असे लिहिलेले असले म्हणजे टीव्ही फोर-के असतो असे नाही. फोर-के चित्र आत घेऊन ते कमी ठिपक्यांच्या पडद्यावर दाखवणाऱ्या टीव्हीवरही हे शब्द छापलेले असतात. विक्रेत्याशी वाद घालण्यापेक्षा मोजून पाहावे. आपले कारागीर सुताचे काउंट मोजतात, विणीतल्या तारा इंचाला किती ते पाहतात. हेही तसेच आहे. पडद्यावर पांढरे चित्र लावावे, काचेला न दाबता मोजपट्टी जवळ धरावी आणि मोबाइलने अगदी जवळून फोटो काढून तो मोठा करून पाहावा. लाल, हिरवा, निळा असे तीन रंग मिळून एक ठिपका होतो. पंचावन्न इंची टीव्हीत आडव्या एका सेंटिमीटरमध्ये असे सुमारे ३१ ठिपके भरले तर तो खरा फोर-के. १६ भरले तर फुल एचडी. आणि ११ भरले तर साधा एचडी-रेडी, जो इतक्या मोठ्या पडद्यावर घेण्याच्या लायकीचाच नाही. ४३ इंचीसाठी हेच आकडे फोर-केला सुमारे ४० आणि फुल एचडीला सुमारे २० असे येतात.

काचेची प्रत तपासण्याचीही साधी युक्ती आहे. पूर्ण काळे, पूर्ण पांढरे, लाल, हिरवे, निळे आणि राखाडी अशी सहा चित्रे पेन ड्राइव्हमध्ये भरून न्यावीत. काळ्यावर कोपऱ्यांतून उजेड गळतो काय, पांढऱ्यावर सावली किंवा पिवळट पट्टा दिसतो काय, राखाडीवर उभ्या रेघा दिसतात काय, ते पाहावे. दुकानात रंगीबेरंगी चित्रफीत मुद्दाम लावून ठेवलेली असते. तिच्यात यातले काहीही दिसत नाही. पेन ड्राइव्ह लावू न देणाऱ्या विक्रेत्याचे दुकान सोडून पुढे जावे. घरी आणलेला टीव्ही उजेड निम्म्यावर आणून चालवावा, म्हणजे पट्ट्यांचे आयुष्य वाढते. हे स्वस्त-महाग सर्वांनाच लागू आहे.

मागच्या बाजूच्या पट्टीवर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह आणि आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असला पाहिजे. २०१२ च्या आदेशाने बत्तीस इंच व त्यावरील एलईडी टीव्हींना ही नोंदणी सक्तीची झाली. बीआयएस केअर या मोबाइल ॲपवर तो क्रमांक टाकला की नोंदणी कोणाच्या नावाची आहे ते दिसते. क्रमांक नसेल, किंवा भलत्याच वस्तूचा निघाला, तर तो टीव्ही फुकट दिला तरी घेऊ नये, कारण ही नोंदणी विजेच्या धक्क्याची आणि आगीची आहे. चित्र चांगले असल्याची ती हमी नव्हे, हेही लक्षात असू द्यावे.

इंटरनेटवर चालणाऱ्या टीव्हीबाबत आणखी एक सावधगिरी. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआय या तपास संस्थेने बॅडबॉक्स २.० या नावाने इशारा दिला होता. टीव्हीला जोडायच्या पेट्या, प्रोजेक्टर आणि तत्सम स्वस्त उपकरणांत कारखान्यातून निघतानाच किंवा पहिल्या जोडणीच्या वेळी चोरटे प्रोग्रॅम शिरवलेले आढळले, असे त्यात म्हटले होते. सगळेच अनोळखी टीव्ही तसे असतात असे नाही. पण ज्या टीव्हीत गुगलचे अधिकृत प्ले स्टोअर नाही, केवळ अँड्रॉइड असे लिहिलेले आहे, तो दुकानाच्या ज्या वाय-फायवर बिलाचा संगणक चालतो त्याच वाय-फायला जोडू नये. नमुने दाखवायचे असतील तर पेन ड्राइव्ह पुरे.

पैसे कसे द्यावेत, हा प्रश्न आमच्या वाचकांना इतरांपेक्षा जास्त जवळचा आहे. नो कॉस्ट ईएमआय, म्हणजे बिनखर्चाचा हप्ता, असे फलक सर्वत्र दिसतात आणि व्याज नाही असे समजून आपले बांधव त्यावर सही करतात. सप्टेंबर २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेने शून्य टक्के व्याजाच्या अशा योजनांना मनाई केली, कारण शून्य टक्के व्याज अशी वस्तूच अस्तित्वात नाही, असे बँकेचे म्हणणे होते. त्यानंतर मांडणी बदलली. आता विक्रेता व्याजाएवढी सूट देतो आणि ते व्याज बँक हप्त्यात वसूल करते. उदाहरण घेऊ. २४,००० चा टीव्ही, दोन-दोन हजारांचे १२ हप्ते, व्याजाचा दर समजा १५ टक्के. कागदावर कर्ज सुमारे २२,१६० चे निघते आणि व्याज सुमारे १,८४० चे. क्रेडिट कार्डावर असेल तर त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी सुमारे ३३० रुपये, आणि वर प्रक्रिया शुल्क. व्याज आहे, ते आपल्याच नावाने भरले जाते, आणि कार्डाच्या हिशेबात छापूनही येते. ज्याला व्याजापासून दूर राहायचे आहे त्याने नावावर जाऊ नये, हिशेबाचा कागद मागावा.

पण यातून निघणारी व्यवहाराची गोष्ट अधिक उपयोगी आहे. विक्रेता हप्त्याच्या गिऱ्हाइकासाठी १,८४० रुपये सोडायला तयार असेल, तर रोखीच्या गिऱ्हाइकाने ते का मागू नयेत? रोख २२,१६० ला द्या, असे सरळ म्हणावे. आपल्याकडे मोहल्ल्या-मोहल्ल्यांत भिशी चालते. ज्याचा नंबर येतो तो रोख रक्कम घेऊन बाजारात उतरतो. तेवढे महिने थांबणे शक्य असेल तर टीव्ही ही थांबण्याजोगीच वस्तू आहे. जीएसटीची नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याने दुकानाच्या वापरासाठी घेतलेल्या टीव्हीचे बिल आपल्या नोंदणी क्रमांकावर करून घ्यावे, कराची वजावट मिळू शकते. कंपोझिशन योजनेत असलेल्यांना ती मिळत नाही.

थांबल्याचा फायदा नुकताच दिसलाही आहे. बत्तीस इंचावरील टीव्हीवर २८ टक्के जीएसटी होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्क्यांवर आला. ३०,००० मूळ किमतीचा टीव्ही ३८,४०० ला पडत होता, तो ३५,४०० ला पडू लागला. कच्च्या बिलाने, कर चुकवून विकल्या जाणाऱ्या मालाचा जो भावातला फायदा होता तो यामुळे घटला आहे. शिवाय नामांकित आणि अगदी अनोळखी यांच्यामध्ये एक तिसरा वर्गही आहे. थॉमसन, कोडॅक, ब्लाऊपुंक्ट ही परदेशी जुनी नावे भारतातील एकच कंपनी परवान्याने वापरते आणि टीव्ही येथेच बनवते. नाव युरोप-अमेरिकेचे आहे म्हणून भुलू नये, आणि भाव कमी आहे म्हणून हिणवूही नये. अशा मालाच्या मागे निदान कारखाना आणि पत्ता असतो. मोठा पडदा ज्याला हवाच आहे त्याने याच वर्गात, किंवा नामांकिताच्या गेल्या वर्षीच्या मॉडेलमध्ये शोध घ्यावा.

आतापर्यंत आम्ही घेणाऱ्याचे बोललो. आमच्या वाचकांत विकणारेही पुष्कळ आहेत. मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक्सची लहान दुकाने चालवणाऱ्यांकडे दिल्लीहून येणारा घाऊक माल असतो, त्यावर हव्या त्या नावाचे स्टिकर लावून मिळते, आणि नफ्याचे प्रमाण नामांकित मालापेक्षा बरेच जास्त असते. हा नफा कशाचा आहे, ते ओळखून घ्यावे. नामांकित कंपनी वॉरंटीचा भार स्वतः उचलते म्हणून दुकानदाराला कमी देते. अनोळखी मालात तो भार कोणी उचललेलाच नसतो. जास्तीचा नफा म्हणजे त्या भाराचे मोल होय. २०१९ च्या कायद्याच्या कलम ८६ नुसार, सदोष मालाने नुकसान झाले आणि तो बनवणारा कोण हे कळत नसेल, किंवा त्याच्यावर नोटीस बजावता येत नसेल, तर विकणारा जबाबदार धरला जाऊ शकतो. टीव्ही पेटून दुकानाची भिंत जळाली तर गिऱ्हाईक दिल्लीतला जोडणारा शोधत बसणार नाही, बिलावर ज्याचे नाव आहे त्याच्याकडे येईल.

म्हणून विकणाऱ्याने दर दहा टीव्हींमागे एक टीव्ही परत येणार असे धरून भाव ठरवावा, आणि त्याच मॉडेलच्या दिव्यांच्या पट्ट्या व बोर्ड घाऊक व्यापाऱ्याकडून सोबतच मागून घ्यावेत. काच सेकंडची असेल तर तसे सांगून, त्या भावाने विकावी. वर कोरडे आणि खाली ओले धान्य ठेवणाऱ्याची गोष्ट आमच्या वाचकांना नव्याने सांगायला नको. सांगून विकलेला दुय्यम माल घेणारी गिऱ्हाइके भरपूर आहेत. लग्नाच्या मंडपात चार दिवस लावायला, यात्रेच्या स्टॉलवर, मुलांच्या कार्टूनसाठी, जेथे वापर थोडा आणि अपेक्षा बेताची, तेथे असा टीव्ही योग्यच ठरतो.

शेवटी बिलाचे. बिलावर टीव्हीचे माप सेंटिमीटरमध्ये लिहून घ्यावे (४३ इंच म्हणजे सुमारे १०९ आणि ५५ इंच म्हणजे सुमारे १४० सेंटिमीटर), मॉडेलबरोबर सिरियल नंबर घ्यावा, आणि वॉरंटीपुढे पॅनेलसह हा शब्द विक्रेत्याच्या हाताने लिहून घ्यावा. नुसती एक वर्ष वॉरंटी म्हणजे अनेकदा बोर्डाची असते, काचेची नसते. खाली ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असा शिक्का असेल तर घाबरू नये. सदोष माल बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांच्या आत परत न घेणे ही कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि बिल न देणे हीसुद्धा. म्हणून घरी आणलेला टीव्ही पहिले तीस दिवस रोज पूर्ण वेळ चालवून पाहावा आणि खोके तोपर्यंत रद्दीत देऊ नये.